कुत्र्यांचे मन वाचणारा शास्त्रज्ञ : इवान पावलॉव

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे. खुंटीवरची साखळी काढली की कुत्रा दाराकडे धावतो. दुधाच्या पातेल्याचा आवाज झाला की मांजर स्वयंपाकघरात हजर! हे त्यांना कोणी शिकवले? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे वेचली, त्या रशियन शास्त्रज्ञ इवान पेत्रोविच पावलॉव यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

पावलॉव यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातील रियाझान येथे झाला. वडील धर्मगुरू होते. लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडल्यामुळे इवानची शाळा अकराव्या वर्षी सुरू झाली. पुढे वडिलांप्रमाणे धर्मशिक्षण घेत असताना त्याला विज्ञानाची गोडी लागली आणि १८७० मध्ये तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाला. लग्नानंतरची अनेक वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली, पण अभ्यास सुटला नाही. अन्नपचनावरील संशोधनासाठी १९०४ मध्ये पावलॉव यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन होत.

पचनाच्या प्रयोगांत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटत असे. त्यांनी याचाच अभ्यास सुरू केला. ठरावीक ठोके देणारे मेट्रोनोम यंत्र वाजवायचे आणि लगेच अन्न द्यायचे. असे अनेकदा केल्यावर नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागली. मात्र ठोके देऊन वारंवार अन्न दिलेच नाही, तर लाळ हळूहळू बंद होई. शिकण्याच्या या प्रकाराला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात.

पालकांनी लक्ष द्यावे असा एक प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत झाला. वर्तुळ दिसले की अन्न मिळते, लंबवर्तुळ दिसले की मिळत नाही, एवढे एक कुत्रा सहज शिकला. मग लंबवर्तुळ थोडे थोडे गोल करत नेले. शेवटी दोन आकृत्यांतील फरक त्याला ओळखता येईना. शांत स्वभावाचा तो कुत्रा केकाटू लागला, उपकरणे चावू लागला आणि पूर्वी सहज ओळखलेल्या आकृत्यांतही चुकू लागला. कुवतीबाहेरची परीक्षा घेतली, तर आधी आलेले ज्ञानही डळमळते.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला (म्हणजेच सेंट पीटर्सबर्गला) मोठा पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना मोठ्या कष्टाने वाचवण्यात आले. त्यानंतर काही कुत्रे शिकलेले सारे विसरल्यासारखे वागू लागले. पुढे एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडले, तेवढ्यानेही तो घाबरून गेला. भीती किती खोल रुतते, हे यातून दिसले.

या ज्ञानाची किंमत मुक्या जिवांनी मोजली, हेही विसरता येणार नाही. अनेक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक दगावले. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी पावलॉव यांचे निधन झाले.

मित्रांनो, कुत्र्याला हाक मारून जवळ बोलवायचे आणि मग मारायचे, असे केले तर तो काय शिकेल? हाक म्हणजे मार! मग तो येईनासा होतो आणि आपण त्यालाच हट्टी म्हणतो. डॉक्टरांकडे नेतानाच टोपली बाहेर निघत असेल, तर ती पाहताच मांजर पलंगाखाली दडणारच. तीच टोपली एरवीही घरात उघडी ठेवा, तिच्यात खाऊ घाला. हाकेला आलेल्या कुत्र्याला लगेच शाबासकी द्या, त्याच्या कुवतीप्रमाणे थोडे थोडे शिकवा आणि भीती मुळीच घालू नका.

आमचे सर्व विद्यार्थी आपल्या घरच्या मुक्या सोबत्यांकडे या नजरेने पाहतील, आणि पालकही मुलांना शिकवताना याचा विचार करतील, अशी आम्हाला आशा आहे.