नाताळच्या दिवशीची शस्त्रक्रिया

अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल गावी डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल (१७७१-१८३०) वैद्यकी करीत. १८०९ च्या डिसेंबरात जेन क्रॉफर्ड या बाईंच्या बीजकोशात मोठी गाठ असल्याचे त्यांनी ओळखले. एवढी गाठ पोट उघडून काढल्याचे त्यांच्या ऐकिवातही नव्हते. धोका न लपविता त्यांनी तसे सांगितले. बाई तयार झाल्या व घोड्यावरून ६० मैल आल्या.

नाताळच्या दिवशी डॉक्टरांच्या घरी शस्त्रक्रिया झाली. भुलीचे औषध तेव्हा नव्हते. बाई स्तोत्रे म्हणत होत्या, असे सांगतात. २५ मिनिटांत २२.५ पौंडांची गाठ निघाली. बाई पुढे ३२ वर्षे जगल्या. डॉक्टरांनी मात्र आणखी दोन शस्त्रक्रिया करून १८१७ मध्येच वृत्तांत छापला.

बीजकोशाच्या कर्करोगावरील आजच्या शस्त्रक्रियेची वाट येथूनच निघाली. वैद्याचे सत्य आणि रोग्याचा विश्वास यांनी ती उघडली.