विष्णु दिगंबर पलुसकर

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदरास लागली, तेव्हा दिवस कलला होता. आम्ही उतरून उरणच्या वाटेने चालू लागलो. (उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पेटा होता, हे जुन्या मंडळींस ठाऊक असेल.) वाटेत एका घरातून बाजाच्या पेटीचे सूर ऐकू आले. कोणी मुलगा तेच चार स्वर पुन्हा पुन्हा वाजवीत होता, चुकत होता, आणि पुन्हा आरंभापासून धरीत होता. त्याची आई ओळखीची निघाली. तिने आम्हांस ओसरीवर बसविले व आपली काळजी सांगितली. मुंबईस राहणाऱ्या त्याच्या मामाकडे पियानो आहे. सुटीत मुलाने त्यावर बोटे फिरविली, आणि तेव्हापासून हा छंद लागला. परीक्षा जवळ आली आहे. हा वेळ फुकट जातो की काय, असे तिने आम्हांस विचारले.

आम्ही तिला तेथल्या तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. परतीच्या लाँचीत मात्र एका गृहस्थाचे चरित्र आमच्या मनात घोळू लागले. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. मुलगा हुशार होता व शाळेत जात होता. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा एक फटाका त्याच्या तोंडापाशी फुटला, आणि दोन्ही डोळ्यांस मोठी इजा झाली. उपचारासाठी त्यास मिरजेस नेले. मिरज म्हटले की आमच्या वाचकांस डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ आठवते. पण ते १८९४ साली उघडले, ही गोष्ट त्याच्या आधीची आहे. डोळ्यांची दृष्टी काही अंशी राहिली, पण पुस्तके वाचून विद्या मिळविण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टर भडभड्यांनीच मुलास गाणे शिकविण्याचा सल्ला दिला, असे सांगतात.

मिरजेस त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णूस त्यांच्यापाशी विद्या मिळू लागली. त्या काळी शिकणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगितले पाहिजे. हाती पुस्तक नाही, फळा नाही, वेळापत्रक नाही. गुरू गातील ते ऐकायचे, त्यांची सेवा करायची, आणि एकेक स्वर घोटून घोटून गळ्यात बसवायचा. विष्णूने अशी कित्येक वर्षे काढली. ज्या मुलाचे वाचन गेले होते, त्याच्या मनात शेकडो चिजा, त्यांचे राग, त्यांचे ताल जसेच्या तसे साठत गेले. डोळ्यांनी जे हिरावले ते कानांनी व स्मरणाने भरून काढले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते आपोआप झाले नाही. ते रोजच्या मेहनतीने झाले, आणि आमच्या मते ह्या चरित्रातील मुख्य गोष्ट हीच आहे.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. कारण असे सांगतात की एका समारंभाचे आमंत्रण शिष्यास आले, पण गुरूंस आले नाही. गवई म्हणजे हलका माणूस, ही त्या काळची समजूत त्यांच्या मनास फार लागली. पुढे सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे ते फिरले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी गायन केले. राजाच्या दिवाणखान्यातील विद्या बाजारातल्या माणसाने चार पैसे देऊन ऐकावी, हे त्या दिवसांत नवलच होते.

५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. आरंभी विद्यार्थीच मिळेनात. ते मात्र ठरल्या वेळी तंबोरा लावून बसत. हळूहळू मुले येऊ लागली, स्त्रियांसाठीही वर्ग निघाला. जी मुले गरीब होती त्यांस घरीच ठेवून, जेवण देऊन शिक्षक होण्यासाठी तयार करीत. त्या वर्गाचे नाव उपदेशक वर्ग असे होते. आमच्या उपदेशक बंधूंस हे वाचून मौज वाटेल.

आता पेटीवाल्या मुलाशी ज्याचा जवळचा संबंध आहे ते सांगतो. पलुसकरांनी स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत बसविली. प्रत्येक स्वर कोणता, मंद्र की तार, हे चिन्हांनी दाखविले. आणि तो किती मात्रा धरावा याचे चिन्ह स्वराखाली घातले. युरोपात पियानो शिकणाऱ्या मुलापुढे पाच रेघांचा कागद असतो. त्यावरील ठिपका पाहून कोणती पट्टी किती वेळ दाबायची हे त्यास कळते. आमच्याकडे अशी सोय फारशी नव्हती. ज्यास स्वतः अक्षर नीट दिसत नव्हते त्या माणसाने दुसऱ्यांसाठी ती करावी, हे आम्हांस मोठे वाटते. त्यांनी पुस्तकांवर पुस्तके काढली, परीक्षा ठेविल्या, पुढे छापखानाही घातला.

अशा रीतीने शिकताना मुलाच्या मनास काय होते? डोळे पुढचा स्वर पाहतात, बोटे आताचा वाजवितात, कान मागचा बरोबर आला की नाही हे तपासतो, आणि ह्या सर्वांवर ताल थांबत नाही. पियानोवर तर उजवा हात एक म्हणतो व डावा दुसरेच. लक्ष क्षणभर ढळले तर चूक लगेच कानी येते. गुरुजींनी सांगावी लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात, सुमारे सहा वर्षांच्या मुलांस पंधरा महिने पट्ट्यांचे वाद्य शिकविल्यावर, हात चालविणाऱ्या व ऐकणाऱ्या मेंदूच्या भागांत फरक दिसून आला. परंतु वाद्य शिकल्याने गणितही चांगले येते, असे जे कोणी छातीठोक सांगतात, त्याविषयी विद्वानांत एकमत नाही. आम्हीही त्या मातेस तसे वचन देणार नाही. चुकले ते न रागावता पुन्हा धरणे, एवढे मात्र तो मुलगा त्या ओसरीवर शिकतच होता.

पलुसकरांचे पुढचे दिवस कष्टाचे गेले. १९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले, त्यासाठी मोठी इमारत बांधली, कर्ज झाले, आणि १९२४ साली इमारत लिलावात गेली. ते नाशकास जाऊन राहिले. घरातही दुःखाची कमतरता नव्हती. बारा मुलांपैकी एकच जगला. विद्या मात्र लिलावात गेली नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे शिष्य देशभर शिकवीत होते. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी मुंबईत एका इटालियन शिक्षकापाशी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला व १९२५ साली आपली शाळा काढली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे लहानपणी डोळ्यांच्या उपचारासाठी आणले होते तेथेच, पलुसकरांचा अंत झाला. उरलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांपाशी शिकण्यास त्यास फार थोडा काळ मिळाला. पुढे विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास ह्या वडिलांच्या शिष्यांनी त्यास शिकविले, आणि डी. व्ही. पलुसकर ह्या नावाने तो मोठा गवई झाला.

त्या मातेस आम्ही पत्र लिहून कळविले आहे की परीक्षेपर्यंत रोज अर्धा तास पेटी राहू द्यावी, आणि मुलास स्वरलिपीचे एखादे पुस्तक आणून द्यावे.