डफावरची थाप : शाहीर अण्णाभाऊ साठे

या अंकासाठी एका दिवंगत व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी अण्णाभाऊ साठे हे नाव दिलं. ‘फकिरा’ कादंबरीचे लेखक म्हणून आपण सगळे त्यांना ओळखतोच. पण मला लिहायचंय ते शाहीर अण्णाभाऊंवर.

मी मंचेरियलची. आमच्या भागात लग्नात आणि अंत्ययात्रेत डप्पू वाजतो. मराठी मुलुखातली हलगी ती हीच. तेलंगणात हे वाद्य मादिगांकडे आणि महाराष्ट्रात मांगांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. गावाला वाजंत्री हवी असायची, पण वाजवणाऱ्याला घरात घ्यायचं नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, अशी रीत होती. अण्णाभाऊंचं मोठेपण समजून घ्यायचं तर आधी हे लक्षात घ्यायला हवं.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. एकीकडे अस्पृश्यता, दुसरीकडे इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची दहशत. जन्माला आलेलं पोर चोर ठरायला मोकळंच! शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे वडिलांबरोबर हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेलं. तिथे त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केलं, पडेल ते केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत बघत ते वाचायला शिकले.

नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांचा गळा आणि हात तयार झाला. मग चळवळ आली. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर ‘लाल बावटा’ कलापथक उभं केलं. मुसलमान घरात जन्मलेले अमर शेख आणि मांगवाड्यातले अण्णाभाऊ एकाच मंचावर, आणि समोर हजारो कामगार. फाळणीच्या वेळी माणसं एकमेकांचे गळे कापत होती, तेव्हा अण्णाभाऊंनी पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा लिहिला. तो द्वेषाविरुद्ध होता, कुठल्या एका धर्माविरुद्ध नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अण्णाभाऊ गप्प बसले नाहीत. त्यांनी तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं. सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं, गवळण काढून टाकली, आणि सावकार, मालक, पुढारी यांची सोंगं उघडी पाडली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यांचीच लोकनाट्यं.

याच काळात अमेरिकेत पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायकाचा पासपोर्ट १९५० साली सरकारने काढून घेतला. १९५७ मध्ये ते टेलिफोनच्या तारेवरून लंडनच्या श्रोत्यांसाठी गायले. दोन देश, दोन प्रकारचे भेदभाव, पण गाणं अडवता येत नाही हा अनुभव दोन्हीकडे एकच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावाकडच्या बायकोची आठवण काढतो, आणि बघता बघता त्या विरहातून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलुखाची व्यथा उभी राहते. आम्हा सीमेवरच्या लोकांना ती वेगळीच लागते. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. तरी मला या गाण्यात भाषेचा अभिमान जेवढा दिसतो, त्याहून जास्त घर सुटलेल्या मजुराचं दुःख दिसतं. ते आमच्या कोळसा खाणीतल्या तेलुगू कामगारालाही कळेल.

१९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांना अर्पण केली. बाबासाहेबांवरचं त्यांचं गीत तर आजही जयंतीला वाड्या-वस्त्यांवर घुमतं. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. एवढं सगळं होऊनही दारिद्र्य काही सुटलं नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वय होतं अवघं ४८. २०२२ साली मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

मला त्या पुतळ्यापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. जे वाजवणं जातीने अपमान म्हणून माथी मारलं होतं, ते अण्णाभाऊंनी टाकून दिलं नाही. त्याच थापेवर त्यांनी माणसं गोळा केली आणि त्यांना ताठ उभं राहायला शिकवलं. मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी वरातीत हलगी किंवा डप्पू वाजला की नाचा जरूर. पण वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा, आणि जेवणाच्या पंगतीत तो कुठे बसलाय तेही बघा.