पुतण्याचा ट्रक आणि डिझेलसाहेब

शारजात ट्रकची इंजिनं खोलण्यात माझी चौदा वर्षं गेली. गेल्या महिन्यात सांगलीहून पुतण्याचा फोन आला. कर्ज काढून ट्रक घेतलाय, ऑइल कितीला बदलायचं? मी आधी त्याला रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली.

१८५८ साली पॅरिसमध्ये जन्म, आई-वडील जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. ठिणगीशिवाय, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटवणारं इंजिन त्याला करायचं होतं. १८९३ च्या चाचणीत स्फोट झाला, थोडक्यात वाचला. तरी राबत राहिला आणि १८९७ मध्ये २० अश्वशक्तीचं इंजिन नीट चाललं. पैसा आला, पण गेलाही, वर कर्ज. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला.

पुतण्याला म्हटलं, या इंजिनात काजळी होणारच आणि ती ऑइलमध्ये उतरणारच. त्यामुळे नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नकोस, कंपनीच्या पुस्तिकेतली मुदत बघ. धूळ, जास्त भार, उभ्या गाडीचं चालू इंजिन असेल तर कडक वापराची कमी मुदत धर. फिल्टरही बदल. हप्त्यासाठी ऑइल लांबवलंस आणि इंजिन बसलं, तर ट्रक उभा राहील, हप्ता थांबणार नाही.

काल त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला: तारीख, किलोमीटर, ऑइल, फिल्टर. मला रात्री शांत झोप लागली.