गुरुजींचे स्वामीजी झाले

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ आधी शाळेत गुरुजी होते. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परगा व अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी मुलांना शिकविले.

तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. 'गश्ती निशाण ५३' असे एक फर्मान होते. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही! आणि परवानगी मागायची ती सरकारकडेच. मग सरकारविरुद्ध बोलणार कोण? १९३८ साली स्टेट काँग्रेस काढायचे ठरले, तर स्थापनेच्या आधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला नि तुरुंगात गेले. पुढेही अनेकदा गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, तेव्हाही ते तुरुंगातूनच बाहेर आले.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या १९व्या कलमात शांतपणे, विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहे. सरकारला बंधन घालता येते, पण ते वाजवी पाहिजे. वाजवी की गैरवाजवी, हे साहेब नव्हे, न्यायालय ठरवते.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात अहमदाबादच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रस्त्यावरच्या सभेला पोलिसांनी नियम लावावेत, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारू नये. हा निकाल ऐकायला स्वामीजी नव्हते.