तबकड्यांत उरलेले खाँसाहेब

किराणा येथे १८७२ मध्ये जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ सांगली जिल्ह्यातील मिरजेत स्थिरावले. त्यांचा तरुण गळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील एकेरी तबकड्यांत, तर परिपक्व गायकी १९३० च्या दशकातील ओडियनच्या तबकड्यांत ऐकू येते. तीन-साडेतीन मिनिटांत झिंझोटीची ठुमरी उभी करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे! पुढे हेच गायन कोलंबियाच्या लेबलवरही निघाले. त्यामुळे मूळ प्रत ठरविताना लेबलासोबत त्याच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही पाहावा लागतो. पोलादी सुईने झिजलेल्या खाचा राखाडी दिसतात. मोल तेथेच घसरते आणि बारीक मुरक्याही हरवतात. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर खाँसाहेब निवर्तले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले. तेथे दरवर्षी उरुसात गायक स्वरांची हजेरी लावतात.