साडेअकरा पौंडांचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की दारव्ह्यात गुणवंतांचे फलक लागतात. वस्तीत सत्कार होतात, हारतुरे होतात, आणि बाबासाहेब अमेरिकेत शिकले हे प्रत्येक वक्ता सांगतो. पण ते तिथे पोचले कसे, पैसा कुणी दिला, अटी काय होत्या, मध्येच काय अडले, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे शेतमजुराच्या हुशार पोरीला वाटते, बाबासाहेब असामान्य होते म्हणून गेले, आपले ते काम नव्हे. हा समज खोडून काढण्यासाठी आम्ही आज तो हिशेब मांडत आहोत.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. मुंबईत त्यांचा सत्कार झाला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सत्कार इथेच संपला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. सुभेदार रामजींची पेन्शन पुरेना आणि कॉलेजचे शिक्षण अडले, तेव्हा हेच केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराज गायकवाडांकडे घेऊन गेले. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 च्या सुरुवातीला भीमराव बी.ए. होऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजीबाबा गेले आणि घराचा भार अंगावर पडला.

त्याच वर्षी बडोदा संस्थानाने काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. 4 जून 1913 रोजी करारावर सह्या झाल्या. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

त्या काळी आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे वऱ्हाडचा कापूस वाहत होती. मूर्तिजापूरहून मुंबई आणि मुंबईहून थेट मँचेस्टर. इथला कापूस सातासमुद्रापार जात होता, पण तो वेचणाऱ्या अस्पृश्य मायबापाच्या लेकराला शाळेत बरोबरीने बसता येत नव्हते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कराराचे मोल कळते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एका विषयाला चिकटून राहण्याचे नाकारले. अर्थशास्त्र तर होतेच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वर्ग केले. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. त्याच तुटपुंज्या रकमेतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची. 1915 साली एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. वय अवघे 25.

पुढे लंडन. शिष्यवृत्तीला थोडी मुदतवाढ मिळाली, पण 1917 साली ती संपली आणि अर्धवट शिक्षण टाकून परतावे लागले. बडोद्यात या विद्वानाला राहायला घर मिळाले नाही. कचेरीतला शिपाईदेखील फायली लांबून टाकत असे. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने मात्र शिक्षण पुरे करायला चार वर्षांची सवलत दिली होती, ती तारीख त्यांनी विसरू दिली नाही. सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले आणि डी.एस्सी., बॅरिस्टर होऊन परतले. कोलंबियाची पीएच.डी. पदवी हाती पडली 1927 साली, प्रबंध छापून सादर केल्यावर. पहिले पाऊल टाकल्यापासून चौदा वर्षांनी! तो प्रबंध त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे.

या हिशेबातून काय निघते? बुद्धी बाबासाहेबांची होती, कष्ट त्यांचे होते. पण दार उघडायला वेळेवर एक केळुसकर लागला, एक शिष्यवृत्ती लागली, अडचणीत एक भथेना लागला. आज आमच्या वस्त्यांमध्ये बुद्धी कमी नाही. कमी आहेत ते केळुसकर.

परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी मोजकी विद्यापीठे बारावीनंतरच्या परदेशी विद्यार्थ्यालाही बापाची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि गरजेएवढी मदत करतात. अनेक विद्यापीठे गरिबाला अर्जाची फीही माफ करतात, फक्त ती मागावी लागते. पण हे दारव्ह्याच्या पोरीला कळते केव्हा? मुदत टळल्यावर! उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, शिक्षकांची शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा यांची तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

आणि सरकारलाही जाब विचारला पाहिजे. 2022 साली केंद्राने आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. म्हणजे जातीवर निबंध लिहिणाऱ्या 1916 च्या भीमरावांना या नियमाने एक पैसाही मिळाला नसता! एका संस्थानिकाने जे दिले ते बाबासाहेबांच्या संविधानावर चालणाऱ्या सरकारने नाकारावे, हा कुठला न्याय?

आमची दारव्ह्यातल्या शिक्षक, कर्मचारी आणि विहारांच्या समित्यांना विनंती आहे. सत्काराचा हार थोडा लहान करा. त्या पैशातून एका मुलीची परीक्षा फी भरा. विहारात दर रविवारी दोन तास अर्ज भरायला बसा. एकेकाने एकाच मुलाचे बोट धरले तरी पुरे. केळुसकर गुरुजींनी तरी दुसरे काय केले होते?

जय भीम!